सहा कॉलेजांना एकच जबाब

तिचा दिवस सव्वाचारला सुरू व्हायचा. लॉन्ड्रीचं दार पाचला उघडायचं आणि साडेपाचला पहिली चादर रोलरखाली गेली पाहिजे, असा नियम होता. रोलर तापायला पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे पाच वाजून पाच मिनिटांच्या आत बटण दाबलंच पाहिजे. हे गणित आम्हा सगळ्यांनाच येत होतं, पण त्याप्रमाणे वागणारी ती एकटीच. पाचला पाच मिनिटं कमी असताना ती दाराशी उभी असायची, डबा काखेत, केस आवळून बांधलेले. आठ वर्षांत मी तिला एकदाच उशिरा येताना पाहिलं. त्या दिवशी तिची आई मोरीत घसरून पडली होती.

मी कौतुक सहसा करत नाही. तेहतीस वर्षं त्या लॉन्ड्रीत काढली, कामाचं सोंग करणारे खूप पाहिले. हात हलतात, काम हलत नाही. तिचं तसं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे चार हॉस्पिटलांचे कपडे यायचे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. धुऊन, पिळून निघालेली चादर रोलरवर यायची. रोलर म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब, गरम, फिरता लोखंडी दंडगोल. त्याच्यापुढे दोघी उभ्या राहतात. एकीनं डावा कोपरा धरायचा, दुसरीनं उजवा, चादर ताणायची आणि दोघींनी एकाच क्षणी सोडायची. एक हात जरा आधी सुटला की चादर तिरकी जाते, सुरकुती पडते, ती सुरकुती भाजून पक्की होते आणि चादर परत धुण्यात. मी डावा कोपरा, ती उजवा. दिवसाला नऊशेच्या आसपास चादरी. आम्हाला 'सोड' असं म्हणावं लागायचं नाही.

तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. ती एकोणीस वर्षांची असताना आली आणि पहिल्याच महिन्यात शिंप्याकडची टेप घेऊन चादरी मोजायला लागली. एका कंपनीची चादर ऐंशी-नव्वद धुण्यांत विरते, दुसरीची दोनशे टिकते, असं तिनं दोन वर्षांनी वहीत लिहून मुकादमाला दाखवलं आणि विचारलं, "असं का?"

मुकादम म्हणाला, "बाई, तू धू. का ते चादरीला विचार."

तिनं खरंच विचारायचं ठरवलं. चार वर्षं नोकरी झाल्यावर तिनं संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. एका शाळेच्या इमारतीत सहा ते नऊ वर्ग भरायचे. विषय कापडाचं रसायन. पाळी एकला सुटायची. घरी जाऊन आईचं जेवणखाण, दीड तास झोप, मग अभ्यास, मग कॉलेज. अर्धवेळचा वर्ग असल्यामुळे दोन वर्षांचा अभ्यास तिथं चार वर्षांत पुरा व्हायचा. ती चार वर्षं तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही आणि सगळ्या विषयांत पहिल्या वर्गाचे मार्क आणले.

अडचण पुढे होती. त्या कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचाच अभ्यास होता. तिसरं आणि चौथं वर्ष करायचं तर प्रयोगशाळा असलेल्या मोठ्या कॉलेजात बदली घ्यायची. अशी सहा कॉलेजं होती. आणि त्याच वर्षी संध्याकाळच्या कॉलेजानं तो वर्ग बंद करायचं ठरवलं. नोटीस लागली की वर्ग बंद झाल्यावर त्याचे मार्क एकाच वर्षासाठी धरले जातील. म्हणजे त्या वर्षी बदली मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर चार वर्षांच्या संध्याकाळी पाण्यात.

बदलीच्या अर्जात मार्कांबरोबर एक निबंध मागितला होता. सहाही कॉलेजांचा प्रश्न थोड्याफार फरकानं तोच. सध्याचं कॉलेज का सोडता आणि आमच्याकडेच का येता, आठशे शब्दांत लिहा.

आता इथं मला जबाबांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर तिनं पुढे जे केलं ते वेडेपणाचं वाटेल.

आमच्या दारावर पैलवान म्हणून एक जण बसायचा. तो पूर्वी रोलरवर होता. एका सकाळी त्याची तीन बोटं आत गेली. त्याचा जबाब तीन जणांनी घेतला, आधी कंपनीच्या माणसानं, मग विम्याच्या, मग सरकारी. पहिल्याला तो म्हणाला, संरक्षक जाळी वर होती. दुसऱ्याला म्हणाला, जाळी मी वर केली नव्हती. तिसऱ्यानं खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, जाळी बहुतेक अर्धी वर होती. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जाळी आदल्या पाळीनं वर केली होती आणि ती अर्ध्यातच अडकायची. पण तीन कागद शेजारी ठेवून साहेब म्हणाले, जबाब जुळत नाहीत. भरपाई नामंजूर. त्याला दारावर खुर्ची दिली, तेवढंच.

तेव्हापासून लॉन्ड्रीत एक गोष्ट पक्की झाली. जबाब एकदा खरा द्यायचा आणि मग कुणीही, कितीदाही विचारलं तरी तोच, त्याच शब्दांत. नवीन आलेल्या प्रत्येकीला मी हे पहिल्या आठवड्यात सांगायची. मोजपट्टीलाही सांगितलं. पुढे एका नव्या मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हा मोजपट्टी साक्षीदार होती. तीन खोल्यांत तिला तीन वेळा विचारलं. तिनं तीनदा तीच अकरा वाक्यं सांगितली. कंपनीच्या माणसानं वैतागून विचारलं, "पाठ करून आलीस काय?" ती म्हणाली, "जे झालं ते एकदाच झालं, साहेब." त्या मुलीला भरपाई मिळाली.

असा तिचा जबाबाचा अनुभव होता. निबंध तिला जबाबच वाटला. मलाही वाटला.

दीड महिना आम्ही तो लिहीत होतो. म्हणजे लिहायची ती, मी ऐकायची. पाळी सुटल्यावर वाळवणीच्या मागे घड्यांचं टेबल रिकामं असायचं, तिथं. माझं शिक्षण आठवीपर्यंत, पण खोटं वाक्य कानाला कळतं.

"मला लहानपणापासून रसायनशास्त्राची ओढ होती," तिनं वाचलं.

"होती का?"

"नव्हती."

"मग?"

"सगळे असंच लिहितात, मावशी."

"सगळे कुठं रोलरवर उभे असतात? खोड."

तिनं खोडलं. 'आपल्या नामांकित संस्थेत' असं होतं, ते खोडलं, कारण तिनं त्या संस्था पाहिल्याच नव्हत्या. 'समाजाची सेवा' खोडली. 'माझं स्वप्न' खोडलं.

"मावशी, असं खोडत राहिलं तर नुसतं माझं नाव उरेल."

"उरू दे. आणि नावाच्या पुढे तुला खरंच काय पाहिजे ते लिही."

शेवटी जे उरलं ते चांगलं होतं. त्यातला थोडा भाग मला अजून येतो. "माझ्या हातून दिवसाला नऊशे चादरी जातात. काही चादरी लवकर विरतात, काही उशिरा. मी आठ वर्षं त्याची नोंद ठेवली आहे, पण कारण मला कळलेलं नाही. सोडा जास्त झाला, पाणी जड आहे, की धागाच कच्चा, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या कॉलेजात प्रयोगशाळा नाही. तुमच्याकडे आहे. म्हणून मला तुमच्याकडे यायचं आहे." आठशे शब्द भरायला तिनं नोंदी घातल्या, कुठल्या पावडरीनं काय झालं, कुठल्या तापमानाला काय झालं. एक शब्द फुकटचा नव्हता.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे होते. सहाही कॉलेजांचं प्रवेशाचं ऑफिस एकच. तिनं वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून तो निबंध सहा वेळा टाइप केला. एकदा टाइप करून सहा ठिकाणी चिकटवता येतो, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "बरोबर वाटत नाही. जबाब दर वेळी तोंडानं द्यायचा असतो." एका बोटानं टाइप करायची ती. सहा दुपारी गेल्या. दर वेळी मूळ कागदाशी ताडून पाहायची, एक स्वल्पविरामही हलला नव्हता. मी तिला शाबास म्हणाले. आठ वर्षांत दुसऱ्यांदा.

नवव्या दिवशी सहा उत्तरं आली. "आपल्या निबंधातील मजकूर अन्य अर्जांतील मजकुराशी शंभर टक्के जुळत असल्याचे आढळले. पुनरावृत्तीमुळे निबंध स्वीकारता येत नाही. पंधरा दिवसांत प्रत्येक संस्थेसाठी स्वतंत्र निबंध सादर करावा."

तिनं सहाही उत्तरं घड्यांच्या टेबलावर ओळीनं मांडली.

"मावशी, हे बघा. यांचं पत्र सहा ठिकाणी सारखंच. यांचं चालतं."

आम्ही हसलो. हसणं तिथंच संपलं.

सुटताना दारावर पैलवानाला कळलं. तो तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "सहा जणांना एकच प्रेमपत्र धाडलंस? अगं, वरचं नाव बदलून निदान खालची एक ओळ तरी बदलायची!"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "ओळी बदलून तुमचं काय झालं ते माहितेय सगळ्यांना."

त्यानं उरलेली दोन बोटं वर केली.

संध्याकाळच्या कॉलेजात भाषा शिकवणारे एक सर होते, बारा महिने सर्दी झालेले. ती त्यांच्याकडे गेली. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी वर्ग सुटल्यावर तासभर दिला. तिनं दुसऱ्या दिवशी मला रोलरवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चादरी सोडत सोडत.

"सर म्हणाले, प्रत्येक कॉलेजला वाटलं पाहिजे की तू फक्त त्यांच्यासाठीच लिहिलंयस. सुरुवात वेगळी, प्रसंग वेगळा, कारण वेगळं. मी म्हणाले, सर, कारण एकच आहे. ते म्हणाले, शोध, माणसाला एका गोष्टीची दहा कारणं असतात."

"असतात?"

"मोजायला बसले. चारपर्यंत गेले."

"चादरीला पण कोपरे चारच असतात," मी म्हणाले. "माल तोच. एकदा या कोपऱ्याला धर, एकदा त्या."

"आणि उरलेली दोन कॉलेजं?"

"तिथं मधे धर."

मी ते सहज बोलून गेले. तिनं ते मनावर घेतलं. तिची तीच खोड होती, सांगितलेलं काम ती सांगितल्यापेक्षा जास्त करायची.

पंधरा दिवसांत तिनं सहा निबंध लिहिले. पहिल्यात चादरी विरतात ते. दुसऱ्यात तिची आई, जी अकरा दिवस हॉस्पिटलात होती आणि खरखरीत चादरीनं तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. तिसऱ्यात त्या नव्या मुलीचा भाजलेला हात. चौथ्यात पावडरीचा वास आणि आमच्या सगळ्यांचा खोकला. इथपर्यंत तिला तिची चार कारणं पुरली. पाचव्यात तिनं आमच्या मागच्या गटारातून वाहणारं निळसर पाणी धरलं आणि लिहिलं की शिकून मला याच लॉन्ड्रीत परत यायचं आहे, इथलं पाणी, इथली पावडर सुधारायची आहे.

सहावा होईना. बाराव्या दिवशी तिच्यासमोर कोरा कागद. तेराव्या दिवशीही. ती कागदावर पहिला शब्द लिहायची आणि खोडायची.

"सगळं लिहून झालं, मावशी. आता नवीन काय आणू? माझं एवढंच आहे."

"थकलीस म्हणून लिही."

"तसं लिहितात?"

"खरं आहे ना?"

तिनं ते लिहिलं. सहाव्या निबंधात लिहिलं की मला रोज सव्वाचारला उठून गरम लोखंडासमोर पुन्हा कधी उभं राहायचं नाही. माझे पाय सत्ताविसाव्या वर्षी सुजतात. मला बसून करायचं काम पाहिजे आणि ते शिकल्याशिवाय मिळत नाही. हा सगळ्यांत छोटा झाला, पण एका दमात झाला. मला तो सगळ्यांत आवडला. तसं मी तिला सांगितलं.

या वेळी जुळणीत काही सापडलं नाही. अर्ज स्वीकारले. मार्क चांगले असल्यामुळे तिला मुलाखतीला बोलावलं. सहाही कॉलेजांची मुलाखत प्रवेशाच्या ऑफिसात एकत्रच व्हायची. आठ वर्षांत तिनं पहिल्यांदा रजा घेतली. मीही घेतली. ती म्हणाली होती, "तुम्ही कशाला, मावशी? उगाच पगार कापतील." पण आदल्या दिवशी तिनं अर्जाचे कागद चार वेळा मोजले होते. ते पाहिल्यावर मी तिला एकटी सोडली नसती.

मोठी इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, मधे लाकडी बाक. तिथं पंधरा-वीस मुलंमुली बसली होती, सगळी विशीतली, हातात प्लास्टिकच्या फायली. एकीनं मोजपट्टीला विचारलं, "तुम्ही पालक का?" ती म्हणाली, "हो, माझीच." आणि नाव पुकारल्यावर आत गेली.

पाऊण तास लागला. बाकीच्यांना दहा-दहा मिनिटं लागली होती. मला वाटलं, चांगलं लक्षण आहे. माणसं आवडलेल्याशीच जास्त बोलतात, असा माझा समज होता.

ती बाहेर आली ती सरळ जिन्याकडे चालायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली. मीही बसले.

"काय झालं?"

"जबाब जुळले नाहीत."

आत तिघं होते. मधे एक बाई, पेन्सिल घेऊन. त्यांच्यापुढे सहाही निबंध पंख्यासारखे पसरलेले. त्या अजिबात रागावलेल्या नव्हत्या, ती म्हणाली. चहा पण विचारला. मग म्हणाल्या, "तिसऱ्यात तुम्ही लिहिता की मुलीचा हात भाजला तेव्हा या विषयाकडे वळलात. पहिल्यात लिहिता की नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून चादरी मोजत होतात. अपघात त्यानंतर चार वर्षांनी. मग वळलात कधी?"

ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात. अपघातानंतर कॉलेजात नाव घातलं."

"म्हणजे अपघातामुळे वळलात असं नाही."

"तसं नाही. पण त्यामुळेही."

बाईंनी पेन्सिलीनं खूण केली. "बरं. पाचव्यात लिहिता, शिकून याच लॉन्ड्रीत परत यायचंय. सहाव्यात लिहिता, रोलरसमोर पुन्हा कधी उभं राहायचं नाही. दोन्ही तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"कुणाची मदत?"

"लिहिलंय मीच."

"मग यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही."

शेजारचा गृहस्थ हसला. "दोन्ही कसं असेल?"

ती म्हणाली, "पहाटे पाचला एक खरं असतं, साहेब. दुपारी एकला दुसरं."

इथं मला वाटलं होतं की ते पटलं असेल. मी पायरीवर बसून म्हणालेसुद्धा, "बरोबर बोललीस." ती माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवायला लागली. "त्यांना ते चमकदार वाक्य वाटलं, मावशी. त्या बाई म्हणाल्या, तुम्हाला छान लिहिता-बोलता येतं, पण आम्हाला तुमचा हेतू कळला पाहिजे. प्रत्येक कॉलेजला तुम्ही त्यांना काय आवडेल ते लिहिलंय असं दिसतं."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, माझा खरा निबंध आधी दिला होता. सहाही ठिकाणी एकच होता. तो तुम्ही परत पाठवलात."

"मग?"

"त्यांनी फाइल चाळली. म्हणाल्या, नाकारलेला मजकूर आमच्याकडे नसतो."

तिनं पाठ केलेला निबंध तिथल्या तिथं म्हणून दाखवायला सुरुवात केली होती. "माझ्या हातून दिवसाला नऊशे चादरी जातात." दोन वाक्यांवर त्या बाईंनी हात वर केला. वेळ संपला होता.

आम्ही त्या पायरीवर किती वेळ बसलो कोण जाणे. वरून उतरणारी मुलं आम्हाला वळसा घालून जात होती. जबाब बदलायचा नाही हे मी शिकवलं, आणि कोपरे बदलून धर हेही मीच. दोन्ही कामाच्या गोष्टी होत्या. दोन्ही कामी आल्या नाहीत.

घरी तिच्या आईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"म्हणजे नाही," आई म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली. तिच्या आईला अशा गोष्टी लवकर कळायच्या.

उत्तरं यायला महिना लागला. या वेळी सहा पत्रं सहा प्रकारची होती. कुणी हेतू अस्पष्ट म्हटलं, कुणी जागा भरल्या म्हटलं, कुणी नुसतं दिलगीर आहोत म्हटलं. पैलवानानं ती वाचून दाखवायला लावली. वाचून झाल्यावर त्यानं थट्टा केली नाही. म्हणाला, "तीन जणांनी विचारलं तरी माणूस फसतो. तुला तर सहा जणांनी विचारलं." मग उठून तिच्यासाठी दार उघडून धरलं. तेवढं तो कधी मुकादमासाठीही करत नसे.

त्या आठवड्यात ती रोलरवर दोनदा चुकली. माझ्या आधी कोपरा सोडला. चादर तिरकी गेली, सुरकुती भाजली. आठ वर्षांत तसं झालं नव्हतं. तिनं स्वतःच चादर ओढून काढली, धुण्याच्या ढिगात टाकली आणि परत येऊन उभी राहिली. मी पुढच्या चादरीचा डावा कोपरा धरला.

सहा पत्रांपैकी एकाच्या खाली दोन ओळी जास्त होत्या. बदली देता येणार नाही, मात्र शाळेच्या मार्कांवर पहिल्या वर्षात नव्यानं प्रवेश घेता येईल. त्यासाठी निबंधाची गरज नाही.

ते तिनं मला पंधरा दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ठरवून झालं होतं.

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"जे तुला येतं तेच?"

"तेच. पुस्तकंही तीच आहेत. मी पाहून आले."

"चार वर्षं केलंस ते?"

"ते त्यांच्याकडे नसतं, मावशी."

सकाळचे वर्ग होते, म्हणून तिनं दुपारच्या पाळीत बदली मागितली. ती बदली मात्र एका अर्जात मिळाली. मुकादमानं कारणही विचारलं नाही. माझ्या समोर दुसरी मुलगी आली, बरी होती, तिला 'सोड' म्हणावं लागायचं. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले.

मध्ये ती येऊन गेली. वर्गात तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलं. पहिला धडा कापसाच्या धाग्यावर. तिला तो पानासकट पाठ आहे. शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा ती हात वर करत नाही. एकदा केला होता. पाठीमागून कुणीतरी "काकूंना येतं" म्हणालं. मी विचारलं, प्रयोगशाळा कशी आहे. ती म्हणाली, प्रयोगशाळा तिसऱ्या वर्षाला आहे.

पहिल्या पगारापासून दर महिन्याला ती थोडे पैसे बाजूला काढत आली होती. नवी चप्पल नाही, बाहेर खाणं नाही, आईच्या औषधापलीकडे कशाला हात लावला नाही. आणि संध्याकाळच्या कॉलेजात गेल्यापासून ते पैसे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या फीसाठी ठेवले होते, तेवढ्यालाच पुरणार होते. पहिल्या वर्षाची फी तिनं त्यातून भरली. दुसऱ्या वर्षाचीही त्यातूनच जाईल. एवढी वर्षं रोज सव्वाचारला उठून जे कमावलं, त्यात तिला येत असलेली दोन वर्षं आली. तिसऱ्याचं काय, ते मी विचारलं नाही.